काशीचा रस्ता पांढरकवड्यावरून जातो



दिवाळी आटोपली आणि कापसाचे दोन पैसे हाती आले की यवतमाळच्या घराघरांतून यात्रेच्या गोष्टी सुरू होतात. काशी, प्रयाग, अयोध्या, मथुरा हा नेहमीचा क्रम. अलीकडे त्यात बिठूरची भर पडली आहे. कानपूरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर, गंगेच्या काठी वसलेले हे गाव. पुराणे त्याला ब्रह्मावर्त म्हणतात. यात्रेकरूंची गाडी तेथे दोन-तीन तास थांबते. ब्रह्मावर्त घाटावर स्नान होते, ध्रुवटिळा पाहून होतो, वाल्मीकींच्या आश्रमात सीतामाईच्या नावाने नारळ फुटतो आणि निघता निघता नानासाहेब पेशव्यांच्या स्मारकापाशी छायाचित्रे काढली जातात. वाटाड्या सांगतो, येथे लव-कुश जन्मले आणि येथे पेशवे राहिले. मंडळी हात जोडतात आणि गाडीत बसतात.

या मंडळींपैकी यवतमाळ जिल्ह्यातील किती जणांच्या मनात त्या क्षणी राळेगाव तालुक्यातील रावेरीची आठवण होत असेल? पेशव्यांना बिठूरला धाडणाऱ्या घटनांतली शेवटची लढाई आपल्याच पांढरकवड्याच्या परिसरात झाली, हे किती जणांना ठाऊक असेल? उत्तर प्रदेशातील एका तीर्थाची दोन्ही सूत्रे आपल्या जिल्ह्यात येऊन पोहोचतात आणि ती आपल्याला तेथे जाऊनही दिसत नाहीत. आजच्या विषयाची निवड एवढ्याच कारणासाठी झाली आहे. उत्तरेची यात्रा करू नये असे कोणीही म्हणणार नाही. ती अवश्य करावी. परंतु घराच्या उंबरठ्यावर काय आहे ते पाहून निघावे.

प्रथम पेशव्यांची कथा. दुसऱ्या बाजीरावास मराठी माणूस 'पळपुटा' म्हणतो आणि त्या शब्दात अन्याय फारसा नाही. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावची लढाई झाली, २० फेब्रुवारीला आष्टीच्या रणात बापू गोखले धारातीर्थी पडले, आणि पेशवा पुढे पळत राहिला. आष्टीनंतर त्याच्यापुढे एकच आशा होती, नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांची. नागपूर आणि पुणे एकत्र आले तर इंग्रजांना अजूनही तोंड देता येईल, असा हिशेब होता. पण इंग्रजांचा हिशेब त्याहून चोख होता. मार्च महिन्यातच त्यांच्या नागपूरच्या रेसिडेंटाने, जेंकिन्सने, आप्पासाहेबांना अटक केली. बाजीराव चंद्रपूरच्या रोखाने वर्धा नदीपर्यंत आला, तेव्हा वरोऱ्याकडे कर्नल स्कॉटची पलटण वाट अडवून उभी होती. तो मागे वळला. १७ एप्रिल १८१८ रोजी पांढरकवड्याजवळील शिवणी येथे कर्नल अ‍ॅडम्सने त्याला गाठले.

ही लढाई म्हणजे एका विखुरलेल्या सैन्यावर झालेला छापा होता. वैशाखाच्या तोंडावरचे ऊन, पाण्याचा तुटवडा, महिनोन्‌महिने धावून थकलेली जनावरे, बरोबर बायकामुले आणि बाजारबुणगे. सैन्य फुटले आणि बाजीराव निसटला. परंतु त्यानंतर त्याच्याभोवती राज्य म्हणावे असे काही उरले नाही. ३ जून १८१८ रोजी अशीरगडाजवळ तो माल्कमच्या स्वाधीन झाला. वार्षिक आठ लाखांचे निवृत्तिवेतन आणि गंगाकाठचे बिठूर, हे त्याच्या वाट्याला आले. शनिवारवाड्यावरील जरिपटका १८१७ च्या नोव्हेंबरात उतरला, हे प्रत्येक शाळकरी मुलाला सांगितले जाते. पण पेशवाईचा अखेरचा श्वास पुण्यात नव्हे, तर वऱ्हाडच्या या रानात कोंडला. त्याची नोंद पाठ्यपुस्तकात एका ओळीने उरकते आणि त्या ओळीतले गाव कोणत्या जिल्ह्यात आहे, हे विचारण्याची तसदी कोणी घेत नाही.

पराभवाची जागा कशाला पाहायची, असा प्रश्न येथे काही जण करतील. प्रश्न स्वाभाविक आहे. विजयाची स्मारके पाहून छाती फुगते, पराभवाची पाहून मान खाली जाते. परंतु पानिपतावर आज हजारो मराठी माणसे मुद्दाम जातात, ती का? तेथे काय चुकले, हे त्या मातीवर उभे राहिल्याशिवाय उमजत नाही म्हणून. शिवणीचा धडा तर पानिपतापेक्षाही सरळ आहे. दोन मराठी सत्ता, पुणे आणि नागपूर, एकमेकींपासून काही मजलांवर असताना एकत्र येऊ शकल्या नाहीत. इंग्रजांनी त्यांना वेगवेगळे गाठले. १८०३ पासून हेच चालले होते आणि शिवणीला ते पुरे झाले.

आणि या कथेला उत्तरार्धही आहे. बाजीरावाने १८२७ मध्ये कोकणातील वेणगावच्या एका मुलास दत्तक घेतले. तेच नानासाहेब. त्याच बिठूरमध्ये मोरोपंत तांब्यांची मनकर्णिका, पुढची झाशीची राणी लक्ष्मीबाई, लहानाची मोठी झाली. येवल्याच्या पांडुरंगपंतांचा मुलगा रामचंद्र, म्हणजे तात्या टोपे, तेथेच वाढला. १८५१ मध्ये बाजीराव वारला आणि कंपनी सरकारने निवृत्तिवेतन बंद केले. पुढे सहा वर्षांनी काय झाले ते सर्वश्रुत आहे. १८५७ च्या जुलैत इंग्रजांनी कानपूर परत घेतल्यावर बिठूरचा वाडा उद्ध्वस्त केला. शिवणीच्या रानातून जो वंश हद्दपार झाला, त्याच वंशाच्या आश्रयाने स्वातंत्र्यसंग्रामाचे तीन सेनानी उभे राहिले. म्हणून बिठूरच्या स्मारकापुढे उभे राहणाऱ्या यवतमाळकराचे नाते तेथे पर्यटकाचे नसते.

दुसरे सूत्र सीतामाईचे. राळेगावपासून अगदी जवळ असलेल्या रावेरी या लहानशा गावात सीतेचे प्राचीन मंदिर आहे. येथे राम नाही, लक्ष्मण नाही. गाभाऱ्यात एकटी सीता आहे. गावकऱ्यांची श्रद्धा अशी, की त्यागानंतर सीता या रानात राहिली, लव-कुश येथेच जन्मले, आणि अश्वमेधाच्या घोड्यामागे आलेल्या हनुमंताला त्या दोघा बालकांनी येथेच बांधून ठेवले. गावात एक कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. बाळंतिणीला पसाभर गहू हवे होते. सीता दारोदार फिरली, पण कोणी दिले नाहीत. तेव्हा तिच्या तोंडून निघून गेले की या गावात गहू पिकणार नाही. आणि खरोखरच कित्येक पिढ्या रावेरीच्या शिवारात गहू होत नसे, संकरित बियाणे आल्यावर तो होऊ लागला, असे गावातील वृद्ध सांगतात.

बिठूरचा वाल्मीकी आश्रम खरा की रावेरीचा, हा वाद घालण्यात काही हशील नाही. रामायण या देशाच्या प्रत्येक प्रांताने आपल्या मातीत रुजवून घेतले आहे. रामटेकच्या टेकडीवर राम विसावला, नाशिकच्या पंचवटीत त्याची पर्णकुटी होती, आणि आमच्या रावेरीला सीता आली. ज्या गावाला अयोध्या कधी दिसली नाही, त्या गावाने अयोध्येचे दुःख आपल्या अंगणात आणून ठेवले. भारत एक आहे, हे सांगायला याहून निराळा पुरावा कशाला हवा? त्या कथेत गावाने स्वतःचा अपराधही जपून ठेवला आहे, हे विशेष. आपल्या पूर्वजांनी एका निराधार बाळंतिणीला परत पाठवले, हे रावेरीचे लोक लपवीत नाहीत, उलट मुलाबाळांना सांगतात. असे धैर्य मोठमोठ्या नगरांच्या इतिहासात सापडत नाही.

या मंदिराचा जीर्णोद्धार शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांच्या पुढाकाराने झाला. त्यांची आर्थिक मते, राजकारण आणि धर्मविषयक दृष्टी यांच्याशी येथे बसलेल्या अनेकांचे जुळणार नाही. स्वतः जोशींनीही ते जुळावे अशी अपेक्षा कधी केली नसती. परंतु शेतकऱ्याने जमिनीचा तुकडा आपल्या पत्नीच्या नावे करून द्यावा, या 'लक्ष्मीमुक्ती'च्या विचाराला त्यांनी सीतेच्या या स्थानाशी जोडले, आणि टाकल्या गेलेल्या स्त्रियांच्या मानाचे स्थान म्हणून रावेरीकडे पाहिले. ज्या जिल्ह्यात कर्त्या पुरुषाने गळफास घेतल्यावर मागे उरलेली बाई सात-बारा उताऱ्यावर स्वतःचे नाव शोधत तलाठ्याकडे खेटे घालते, त्या जिल्ह्यात हे मंदिर केवळ प्रेक्षणीय स्थळ राहू शकत नाही. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा त्याचे उद्घाटन अशाच एका शेतकऱ्याच्या पत्नीच्या हस्ते झाले. त्याआधी १९७३ च्या यवतमाळ संमेलनाचे अध्यक्ष होते ग. दि. माडगूळकर, 'गीतरामायणा'चे कवी. सीतेच्या गावापासून हाकेच्या अंतरावर तो मान त्यांना मिळाला, हाही एक योगच.

आता कळंब. यवतमाळहून नागपूर रस्त्याने वीस-बावीस किलोमीटर. चिंतामणीचे हे स्थान विदर्भातील अष्टविनायकांत गणले जाते, त्यामुळे येथे येणारे भाविक पुष्कळ आहेत. जमिनीच्या पातळीखाली खोल उतरत जाणाऱ्या पायऱ्या, प्रवेशाशी चतुर्मुखी गणेश, खाली कुंड, आणि दक्षिणाभिमुख चिंतामणी. गौतमांच्या शापातून सुटण्यासाठी इंद्राने येथे आराधना केली आणि अंकुशाने कुंड खोदले, अशी पुराणकथा आहे. काही वर्षांच्या अंतराने भूगर्भातील पाणी वर चढते आणि चिंतामणीच्या चरणांना स्पर्श करून ओसरते. तो सोहळा पाहण्यासाठी माणसे लोटतात.

परंतु दर्शन घेऊन परतणाऱ्याला हे सांगितले जात नाही, की हेच कळंब अकबराच्या काळी वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे, म्हणजे आजच्या भाषेत जिल्ह्याचे, मुख्य ठिकाण होते. 'आईन-ए-अकबरी'त कळंब आणि माहूर या दोन सरकारांची नोंद आहे. यवतमाळ तेव्हा शेजारच्या लोहाऱ्याशी जोडून 'योत-लोहारा' या नावाने एका परगण्यापुरते ओळखले जाई. इंग्रजी अमलात जिल्ह्याचे नाव 'वून' झाले, म्हणजे आपली वणी. १९०५ साली वऱ्हाडची फेररचना झाली, तेव्हा जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले आणि वाशीमकडचा पुसद तालुका त्यात आला. चारशे वर्षांत मोठेपणा कळंबहून वणीला आणि वणीहून यवतमाळला सरकला. ज्यांना आज कळंब हे 'रस्त्यातले गाव' वाटते, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. २०२४ च्या फेब्रुवारीत वर्ध्याहून कळंबपर्यंत रुंदमापी रेल्वे आली. म्हणजे आगगाडीच्या नकाशावर तरी कळंबने पुन्हा यवतमाळच्या आधी नंबर लावला!

रेल्वेचा विषय निघाला म्हणून 'शकुंतले'विषयी दोन शब्द. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही ११३ किलोमीटरची अरुंदमापी गाडी इंग्रजी कंपनीने वऱ्हाडचा कापूस वाहून नेण्यासाठी घातली. मँचेस्टरला घडलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत होते. गाडी आता बंद आहे. आपला कापूस ज्या वाटेने गेला, ती वाट आता झुडपांत हरवते आहे. शेतमालाचा भाव दुसरीकडे कोणीतरी ठरवतो, ही तक्रार त्या रुळांइतकी जुनी आहे.

लोहाऱ्याचे नाव आताच आले. यवतमाळला खेटून असलेले, आज औद्योगिक वसाहतीमुळे परिचित झालेले हे गाव. येथे कमळेश्वराचे हेमाडपंती मंदिर आहे. आणि याच लोहाऱ्याच्या जंगलात २१ जुलै १९३० रोजी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे संस्थापक डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांनी जंगलचा कायदा मोडला.

हा सत्याग्रह गवत कापण्याचा होता, हे नव्या पिढीला सांगितले तर ती हसते. म्हणून त्याची पार्श्वभूमी समजून घेतली पाहिजे. मिठाचा कायदा मोडायला समुद्र लागतो. अकोल्याकडे दहीहांड्याला खाऱ्या पाण्याच्या विहिरी होत्या, तेथे मीठ तयार करून कायदा मोडला गेला. पण यवतमाळला मीठ कोठून आणणार? येथे होते जंगल. इंग्रजांनी ते राखीव ठरवले होते. ज्या रानातून गावाने पिढ्यान्‌पिढ्या गवत आणि सरपण आणले, त्या रानात पाय ठेवायला परवाना आणि शुल्क लागू झाले होते. शेतकऱ्याच्या बैलाचा चाराही सरकारी मालमत्ता झाला. वणीत जन्मलेले लोकनायक बापूजी अणे यांनी ही नस अचूक ओळखली. १० जुलै १९३० रोजी त्यांनी पुसदजवळच्या धुंदीच्या राखीव रानात गवत कापले आणि वऱ्हाडभर लोण पसरले.

डॉक्टरांनी सरसंघचालकपदाचे दायित्व डॉ. ल. वा. परांजपे यांच्याकडे सोपवले, आणि संघ म्हणून नव्हे तर व्यक्ती म्हणून ते सत्याग्रहात उतरले. नऊ महिन्यांची सक्तमजुरी झाली, अकोल्याच्या तुरुंगात रवानगी झाली, आणि १९३१ च्या फेब्रुवारीत ते सुटले. 'स्वातंत्र्यलढ्यात तुम्ही कोठे होता?' असा प्रश्न स्वयंसेवकाला वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर देण्यासाठी ग्रंथालयात जाण्याची गरज नाही. ते यवतमाळच्या वेशीवर आहे. पण तेथे आपल्या मुलांना घेऊन जाणारे स्वयंसेवक तरी किती, हा प्रश्न दुसऱ्यांनी विचारण्याआधी आपणच आपल्याला विचारलेला बरा.

बापूजी अण्यांविषयी स्वतंत्र व्याख्यान हवे. टिळकांचे निष्ठावंत अनुयायी, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य, गांधीजींच्या १९४३ च्या उपोषणाच्या वेळी त्या पदाचा राजीनामा देणारे, पुढे बिहारचे राज्यपाल. आणि या धकाधकीत त्यांनी लोकमान्यांचे चरित्र संस्कृत काव्यात रचले. त्या 'श्रीतिलकयशोऽर्णव' ग्रंथाला त्यांच्या मृत्यूनंतर, १९७३ साली, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वणीला रंगनाथस्वामींच्या मंदिरात आणि जत्रेत जाणाऱ्यांनी हे अण्यांचे गाव आहे, एवढे तरी बरोबरच्या मुलांना सांगावे. कोळशाच्या खाणी हीच काही वणीची ओळख नव्हे.

दक्षिणेकडे पैनगंगा. तिच्या अलीकडे उमरखेड, पलीकडे पूर्वीचे निजामाचे राज्य. १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण या नदीच्या दुसऱ्या काठावर स्वातंत्र्य पोहोचायला १९४८ चा सप्टेंबर उजाडावा लागला. मधल्या तेरा महिन्यांत हैदराबादच्या मुक्तिसैनिकांना उमरखेडने आसरा दिला. तेथील छावणीतून माणसे नदी ओलांडून जात आणि परत येत. रझाकारांच्या जाचाने घरदार सोडून आलेल्या कुटुंबांसाठीही हाच अलीकडचा काठ होता. आज मंडळी धनोड्याच्या पुलावरून पैनगंगा ओलांडून माहूरच्या रेणुकेला जातात, सहस्रकुंडचा धबधबा पाहतात. नदी तीच आहे. तिने एके काळी दोन राज्यांची नव्हे, पारतंत्र्य आणि स्वातंत्र्य यांची सीमा आखली होती.

हे सगळे असताना देशाला यवतमाळ कशासाठी माहीत आहे? शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी. हे दुःख खरे आहे आणि ते झाकू नये. पारधी समाज आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबे यांच्यामध्ये येथील दीनदयाल बहुउद्देशीय प्रसारक मंडळासारख्या संस्था वर्षानुवर्षे काम करीत आहेत, ते याच दुःखाची जाणीव ठेवून. परंतु ज्या जिल्ह्यातील मुलाला आपल्या गावाविषयी बाहेरच्याकडून केवळ कीवच ऐकायला मिळते, तो मुलगा पुण्याला गेल्यावर गावाचे नाव सांगायला संकोचतो. दारिद्र्याच्या जोडीला हे न्यूनत्व आले की माणूस मातीतून उपटला जातो.

पर्यटनाने हा प्रश्न सुटेल, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. टिपेश्वर अभयारण्याचेच पाहा. १९९७ साली घोषित झालेले, सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे हे सागाचे रान आता वाघांमुळे दूरवर प्रसिद्ध आहे. २०१९ साली येथलाच एक तरुण वाघ शेकडो कोस भटकत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला, तेव्हा त्याची वार्ता सर्वत्र झाली. पुण्या-हैदराबादचे पाहुणे सुन्ना फाटकातून आत जातात, वाघ दिसला तर धन्य होतात आणि परतीच्या वाटेला लागतात. रानाभोवतीच्या पाड्यांवरील कोलाम आणि गोंड बांधवांना या गर्दीतून काय मिळते, हे एकदा बसून मोजले पाहिजे. जनावरे रानात गेली तर वाघाचे भय, गवत आणले तर गुन्हा. १९३० चा प्रश्न निराळ्या रूपात अजून उभाच आहे, आणि त्याचे उत्तर वाघ की माणूस अशा सोप्या शब्दांत देता येणार नाही. पण वाट दाखवणारा, जेवण रांधणारा, मुक्कामाला घर देणारा माणूस जर त्या पाड्यावरचाच असेल, तर निदान पाहुण्याला शिवणी आणि केळापूर ठाऊक होईल आणि चार पैसे पाड्यावर राहतील. तसे होण्यासाठी आधी आपण जायला हवे, आणि तेथील माणसांना विचारायला हवे.

शेवटी वाटेचे सांगणे. यवतमाळहून पहाटे सहाला निघावे. कळंबला चिंतामणीचे दर्शन, तेथून राळेगाव, रावेरी. रावेरीला घाई करू नये, पारावर एखाद्या आजीबाईंच्या शेजारी बसून गव्हाची कथा तिच्या तोंडून ऐकावी. पुढे वडकीला महामार्ग लागतो. कन्याकुमारीकडे जाणारा हा रस्ता अनेक वर्षे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ म्हणून ओळखला जाई आणि त्याचे दुसरे टोक होते काशी. ज्या काशीच्या भोसले घाटावर आपण स्नानाला जातो, तो घाट बांधणाऱ्या नागपूरकरांच्या खजिन्यात या वऱ्हाडचा महसूलही पडत होता, हे गाडीतल्या मुलांना येथेच सांगून टाकावे. करंजी मागे टाकून केळापूरला जगदंबेची ओटी भरावी, शिवणीकडे वळावे, आणि घाटंजीच्या रस्त्याने दिवे लागणीला घरी यावे. दोनशे किलोमीटरच्या आसपास अंतर होते. शिदोरी घरची न्यावी. एप्रिलात गेल्यास पाणी जास्त घ्यावे. बाजीरावाच्या फौजेलाही त्या दिवसांत ते पुरले नव्हते.